न उगारलेल्या हाताचं गाणं

महाडला १९ मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद सुरू झाली, तेव्हा जमलेल्या माणसांची तहान भागवायला चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. गावात चवदार तळं होतं आणि ते सार्वजनिक होतं. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव करून टाकला होता. कागद सगळे पक्के होते. पाणी मात्र विकतचं.

दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, परिषद आटोपत आली असताना अनंतराव चित्रे यांनी आपण सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावं असं सुचवलं. माणसं रांगेने निघाली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मिरवणूक महाडच्या रस्त्यांवरून तळ्यावर आली, बाबासाहेब पाण्याशी गेले, ओंजळ भरली आणि प्यायले. मग बाकीचे प्यायले. घडलं ते एवढंच. या एवढ्याशा कृतीवर महाराष्ट्रात तीन-चार पिढ्या गाणी रचत आल्या आहेत, आणि २० मार्च २०२७ ला तिला शंभर वर्षं पूर्ण होतात.

हे पुस्तक त्या गाण्यांचं आहे. त्यातलीही एका लहानशा पट्ट्यातली गाणी इथे घेतली आहेत: उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथचा पूर्व-पश्चिम भाग आणि पुढे कुळगाव-बदलापूर. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरची ही तीन गावं आता एकमेकांना इतकी चिकटली आहेत की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते स्टेशनच्या पाटीवरूनच कळतं. इथल्या गायन पार्ट्यांच्या वह्यांतून ही गाणी उतरवून घेतली आहेत. प्रस्तावना लिहिण्यासाठी त्या वह्या माझ्याकडे आल्या आणि बरेच दिवस टेबलावर होत्या. त्यांच्याविषयी आधी सांगतो, कारण छापील पानावर आल्यावर गाण्याची अर्धी ओळख पुसली जाते.

वही बहुतेक दोनशे पानी, शाळेची. पुठ्ठ्यावर आतून बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा कॅलेंडरातून कापलेला फोटो चिकटवलेला. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर डावीकडे ‘चाल’ लिहिलेली आणि तिच्यापुढे एखाद्या हिंदी सिनेमातल्या गाण्याचं नाव, नाहीतर भजनाचं, नाहीतर जुन्या तमाशातल्या लावणीचं. उजवीकडे पट्टी: काळी दोन, काळी तीन, पांढरी चार. मुखडा लाल शाईत, अंतरे निळ्या शाईत. कोरसने उचलायच्या ओळीखाली रेघ. शेवटच्या अंतऱ्यात कवीचं नाव गुंफलेलं. ही नाममुद्रा संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली आहे आणि बऱ्याच वेळा गाणं कुणाचं हे कळायचा तेवढाच एक मार्ग असतो. काही पानांवर एखाद्या अंतऱ्यावर काट मारून बाजूला दुसरा लिहिलेला दिसतो, कारण समोरच्या पार्टीला सामन्यात उत्तर द्यायचं होतं आणि जुना अंतरा कमी पडला होता. ही पुस्तकी कविता नाही. ही रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत, बेंजो-ढोलकीच्या साथीवर, समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत घडवलेली रचना आहे. वाचताना ती कुठे पुनरुक्त वाटेल, कुठे भरणा केल्यासारखी वाटेल. गायकाला दम घ्यायला आणि कोरसला उचलायला तिथे जागा सोडलेली असते.

या गाण्यांची घराणी जुनी आहेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे गावोगाव होत. तमाशाचाच साचा, पण गण-गवळणीच्या जागी समाजाचे प्रश्न. आंबेडकरी जलशाने १९३० नंतर हाच साचा उचलला आणि आपला केला. नाशिककडे भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. बाबासाहेबांनी जलशाच्या एका कार्यक्रमाला आपल्या दहा भाषणांच्या तोडीचं मानलं, अशी आठवण शाहीर मंडळी आजही सांगतात. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले. मुंबईत मजुरी करता करता उशिरा अक्षरं शिकलेला हा माणूस १९४० नंतरच्या दशकात गाणी लिहू लागला आणि २००४ मध्ये वारला तोपर्यंत लिहीत-गात राहिला. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गायन पार्टीची वही उघडा, वामनदादांची चार-दोन गाणी तिच्यात सापडणारच. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी हे गाणं ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटवर आणलं. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि जयंतीच्या मांडवातला आवाज घराघरांत पोहोचला.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हे गाणं रुजलं ते कारखान्यांमुळे. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, शहाडची सेंच्युरी रेयॉन, नंतर एमआयडीसीतले लहान-मोठे रासायनिक आणि इंजिनीअरिंगचे उद्योग. कोकणातून, नाशिक-नगरकडून, खानदेशातून आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसं इथे आली. बाजूला उल्हासनगरात फाळणीत सगळं गमावून आलेला सिंधी समाज लष्करी छावणीच्या बराकींत नव्याने संसार मांडत होता. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या चाळी सोडून आणखी माणसं या बाजूला सरकली. येताना त्यांनी भांडीकुंडी आणली, तशा या वह्याही आणल्या. अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, यावरून वस्तीचा अंदाज यावा. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर या तारखा इथे कॅलेंडर न बघता कळतात. वीस मार्चला इथून महाडला गाड्या जातात आणि त्यांत रात्रभर हीच गाणी चालू असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या गाण्यांचा अर्थ काय?

वरवर पाहिलं तर उत्तर सोपं आहे: पाण्याचा हक्क मिळवल्याचा आनंद. पण गाणी सलग वाचत गेलं की एक विसंगती खटकू लागते. जवळजवळ प्रत्येक गाण्यात युद्ध आहे. तलवार आहे, रण आहे, वणवा आहे, पाण्याला लागलेली आग आहे, सिंहाची डरकाळी आहे. आणि ज्या प्रसंगाचं हे वर्णन आहे त्यात आपल्या बाजूने एक काठीही उगारली गेली नव्हती.

त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर जे झालं ते गाण्यांत फारसं येत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगणं भाग आहे. लोक मांडवात परतले. जेवणं सुरू होती, काही जण गावाकडे निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठवली गेली. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवावर चालून आला. जेवत्या माणसांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. रस्त्यात एकटेदुकटे गाठून मारलं. वीसेक माणसं जबर जखमी झाली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला म्हणून ती वाचली. बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते. तिथे आपली माणसं गोळा झाली. त्यांच्यात पलटणीत नोकरी केलेले, पहिल्या महायुद्धात लढून आलेले, हातात बळ आणि मनात संताप असलेले पुरुष होते. त्यांची संख्या कमी नव्हती. एक शब्द बाहेर पडला असता तर त्या संध्याकाळी महाडच्या गल्ल्यांत रक्त सांडलं असतं, आणि आधी हल्ला कुणी केला याचा हिशेब मग कुणी ठेवला नसता. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितलं. त्यांनी ऐकलं.

माझ्या मते या गाण्यांचं मर्म त्या ‘त्यांनी ऐकलं’ मध्ये आहे. ओंजळ भरायला धाडस लागलं, यात शंकाच नाही. पण मार खाल्लेल्या भावाकडे बघत, हाताला काठी लागत असताना ती न उचलणं ही त्याहून अवघड गोष्ट. तीही कुणी मेलेल्या मनाने केली नाही. हजारो वर्षं मार मुकाट्याने सोसायची सवय झाली होती, तिच्यापेक्षा हे सोसणं वेगळं होतं. आधीच्या सोसण्यात आपला हक्क आहे हेच मान्य नव्हतं. इथे हक्क बजावून झाला होता, तोंडात तळ्याच्या पाण्याची चव होती, आणि त्या हक्काला गालबोट लागू नये म्हणून हात आवरला होता. हल्लेखोरांवर पुढे खटला झाला आणि त्यांच्यातल्या पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्या लोकांनी त्या संध्याकाळी हात उचलला असता तर दंगलीचा गुन्हा दोन्ही बाजूंवर लागला असता.

मग गाण्यात तलवार कुठून आली? मला वाटतं, मराठीत शौर्य गायचा तयार साचा एकच होता, तो पोवाड्याचा. अफझलखानाच्या वधापासून पानिपतापर्यंत आमच्या शाहिरांनी जे गायलं ते लढाईचं. दुसरीकडे संतांचं गाणं होतं. त्यात सोसणं होतं, क्षमा होती, चोखोबांच्या अभंगांत तर दाराबाहेर उभं राहण्याची वेदना इतकी थेट आहे की वाचवत नाही. पण देवाशी भांडण होतं. पाटलाशी, नगरपालिकेशी भांडण नव्हतं. चवदार तळ्यावर जे घडलं ते या दोन्हींत बसणारं नव्हतं. तिथे लढाई होती पण शस्त्र नव्हतं, सोसणं होतं पण शरणागती नव्हती. या साच्यांना असं काही ठाऊकच नव्हतं, तर त्याचं गाणं कुठून असणार? शाहिरांनी हाताशी होता तो पोवाडा उचलला आणि त्याच्या तलवारीच्या जागी पाण्याची ओंजळ ठेवली. तलवारीची उपमा राहून गेली. ऐकणाऱ्याने ती उपमा म्हणूनच ऐकली पाहिजे.

या पुस्तकातली काही गाणी मात्र या साच्याच्या पलीकडे गेली आहेत, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटतात. बहुधा ती कमी गायली जातात, कारण त्यांत टाळी घेणारी ओळ नसते. एखाद्या गाण्यात तळ्याची पायरी उतरतानाची भीती आहे. एखाद्यात मारात डोकं फुटलेल्या माणसाची बायको बोलते. तो घरी आला आणि ‘पाणी कसं होतं’ एवढंच तिने विचारलं, असा प्रसंग कवीने रचला आहे. तो इतिहास नसेल, पण त्या कवीला महाड कळलं होतं एवढं नक्की. गायन पार्ट्यांनी अशी गाणी रात्री दोननंतर, गर्दी पांगल्यावर न गाता, सामना ऐन रंगात असताना गावीत, असं मला फार वाटतं.

महाडच्या कथेचा दुसरा अंक डिसेंबरातला आहे, आणि संयमाच्या दृष्टीने तो मार्चपेक्षाही कठीण. मध्यंतरी सनातन्यांनी तळ्यातलं पाणी एकशे आठ घागरी उपसून, त्यांत शेण-गोमूत्र-दही घालून, मंत्र म्हणून ते ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तेव्हा २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद बोलावली गेली. मुंबईची माणसं ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराला उतरली आणि पाच मैल चालत महाडला आली. जागा कुणी द्यायला तयार नव्हतं. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. मांडवात फोटो एकच होता, महात्मा गांधींचा. त्या रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावाने मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते, हेही गाण्यांनी विसरू नये. मनुस्मृतिदहनावर गाणी अमाप आहेत. पण त्याच परिषदेत सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार माणसांनी नावं नोंदवली होती, तुरुंगात जायची तयारी ठेवून. आणि दिवाणी कोर्टाने परिषदेच्या काही दिवस आधीच मनाई हुकूम काढला होता. तळं ही खासगी मालमत्ता आहे असा दावा सनातन्यांनी लावला होता. आता काय करायचं? जमलेली माणसं ऐकायला तयार नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं: आपलं भांडण सनातन्यांशी आहे, ते सरकारशी लावून घ्यायचं नाही, कोर्टात जिंकू. मग तळ्याला मिरवणुकीने फेरी घालून, पाण्याला हात न लावता, माणसं परतली.

घसा कोरडा ठेवून तळ्याभोवती फिरलेल्या त्या हजारो माणसांवर मला या तिन्ही गावांच्या वह्यांत एकच गाणं सापडलं. एकच. या विषयावर नव्या शाहिरांनी लिहावं, ही माझी पहिली मागणी.

कोर्टाचा निकाल लागायला दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने सनातन्यांचं अपील फेटाळलं. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे तेच, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

गांधींचं नाव आलंच आहे तर तो भाग टाळून चालणार नाही. निःशस्त्र प्रतिकाराचं गाणं म्हटलं की आपल्याला मिठाचा सत्याग्रह आठवतो, प्रभातफेऱ्या आठवतात. महाड दांडीच्या तीन वर्षं आधीचं. गांधींनी ‘यंग इंडिया’त महाडच्या अस्पृश्यांच्या संयमाचं कौतुक केलं होतं, तेही घटनेनंतर लगेच. पण दोघांच्या कल्पनेत मोठं अंतर होतं आणि ते झाकण्यात कुणाचंच भलं नाही. गांधींसाठी अहिंसा हा धर्म होता. सत्याग्रहीने स्वतः क्लेश सोसून समोरच्याचं हृदय पालटायचं. बाबासाहेबांनी त्याच वर्षी ‘बहिष्कृत भारता’त सत्याग्रहाची चर्चा केली ती गीतेच्या आधाराने आणि लोकसंग्रहाच्या कसोटीवर. अहिंसेला त्यांनी बिनशर्त व्रत मानलं नाही. महाडला हात आवरला तो समोरच्याचं मन पालटेल म्हणून नव्हे. कायदा आपल्या बाजूचा आहे, तो आपल्या बाजूचा राहिला पाहिजे, आणि आपली माणसं माणूस म्हणून ताठ उभी राहिली पाहिजेत म्हणून. या अहिंसेत विनवणी नाही. म्हणून त्यावरच्या गाण्यात करुणेचा सूर फार कमी आणि ललकारीचा फार जास्त आहे. तलवारीच्या उपमेबद्दल मी वर तक्रार केली, पण ललकारीबद्दल माझी तक्रार नाही. ती इथे शोभते.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याशी तुलना करायचा मोह अनेकांना होतो, मलाही होतो. ग्रीन्सबरो गावात १ फेब्रुवारी १९६० ला चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. तिथे घास, इथे घोट. ज्या गाण्याचं हिंदी रूप गिरिजाकुमार माथुरांनी केलं आणि जे आपल्या शाळाशाळांत मुलं हातात हात घालून म्हणतात, ते त्या लढ्यात माणसं लाठीमार आणि तुरुंग समोर असताना गात होती. तिथे गाणं कृतीच्या वेळचं होतं, धीर देण्यासाठी. आपलं चवदार तळ्याचं गाणं बव्हंशी नंतरचं आहे. ते आठवणीसाठी आहे, पुढच्या पिढीला सांगण्यासाठी आहे. म्हणून त्याच्यावर जबाबदारी जास्त. त्या गाण्याने जे गाळलं ते पुढच्या पिढीसाठी घडलंच नाही.

या पट्ट्यातल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती इथल्याच मातीतली असून फार थोड्यांना ठाऊक असते. ३ मे १९२७ ला, म्हणजे महाडच्या ओंजळीला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, बाबासाहेब बदलापूरला आले होते. निमित्त शिवाजी महाराजांच्या जयंती-उत्सवाचं. अध्यक्ष म्हणून त्यांना बोलावणारे पालये शास्त्री हे ब्राह्मण गृहस्थ. त्या दिवसांत महाडला तळं बाटलं म्हणून घागरी उपसणारे होते आणि बदलापुरात त्याच माणसाला मानाने अध्यक्षस्थानी बसवणारे होते. दोन्ही कोकणपट्टीतले. शिवरायांच्या उत्सवाच्या मांडवात त्या दिवशी त्या पाहुण्याकडे बघताना गावकऱ्यांच्या मनात महाड नक्की असणार. वर्तमानपत्रांत ते गाजत होतं. या प्रसंगावर बदलापूरच्या वहीत गाणं असायला हवं होतं. नाही. इतकी वर्षं आमच्या शाहिरांनी महाडला जाऊन तळं गायलं, नागपूरला जाऊन दीक्षाभूमी गायली, आणि स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा इतिहास राहून गेला.

आणखी एक उणीव. गाण्यांत नावं फार कमी. बाबासाहेब आहेत, असायलाच हवेत. पण परिषद उभी करण्यासाठी गावोगाव हिंडलेले रामचंद्र बाबाजी मोरे क्वचितच दिसतात. महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना लोक सुरबानाना म्हणत आणि जे कायस्थ असून या लढ्यात उभे राहिले, ते जवळजवळ नाहीत. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं, त्यानंतर बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली, हातापायांतले जुने जडजूड दागिने उतरवले. हे सगळं जात्यावरच्या ओव्यांत सापडतं. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा वेगळा ढीग आहे. दळणाऱ्या बाईने भीमरावाला भाऊ म्हटलं, बाप म्हटलं, त्याच्या गाडीचा, कोटाचा, चष्म्याचा कौतुकाने उल्लेख केला. गायन पार्टीच्या वहीत मात्र लिहिणारे हात अजून बहुतेक पुरुषांचे. या तिन्ही गावांत गाणाऱ्या बायका आहेत, चांगल्या आहेत, सामन्यात पुरुष पार्टीला भारी पडतात. पण त्या बऱ्याच वेळा दुसऱ्याने लिहिलेलं गातात.

एक प्रश्न तरुण वाचक विचारतील, त्याचं उत्तर देणं भाग आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनीच सांगितलं की आता घटनेचा मार्ग खुला झाला आहे, तेव्हा सत्याग्रह, कायदेभंग, असहकार हे मार्ग सोडले पाहिजेत. मग सत्याग्रहाची गाणी अजून का गायची? मला वाटतं, त्या भाषणाचा रोख नीट ध्यानात घेतला तर विरोध उरत नाही. चवदार तळ्यावर जे झालं तो कायदा मोडण्याचा प्रसंग नव्हताच. कायद्याने दिलेलं होतं ते घेण्याचा होता. मोडत होते ते समोरचे. डिसेंबरात कोर्टाचा हुकूम आला तेव्हा पाण्यापर्यंत पोचलेली माणसं परत फिरली. १९४९ चं भाषण करणारा माणूस महाडला आधीच दिसतो. म्हणून ही गाणी घटनेच्या विरोधात जात नाहीत, घटनेकडे नेतात. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला कलम १५ शिकवताना शिक्षकांनी यातलं एखादं गाणं मुलांना ऐकवावं. त्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो तिथे का आहे हे गाण्यातून जसं कळेल तसं टिपणांतून कळणार नाही.

शेवटची तक्रार, आणि ती गाण्यांपेक्षा आपल्या सगळ्यांबद्दलची. पाण्यावरचं इतकं मोठं गाणं ज्या पट्ट्यात गायलं जातं, त्या पट्ट्यातून वालधुनी वाहते. अंबरनाथच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराला लागून, पुढे उल्हासनगरातून. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचं काय झालं आहे ते तिच्या काठाने चालत गेलेल्या कुणालाही नाकाने कळतं. बारवी धरण इथून जवळ, बदलापूरच्या पलीकडे; तरी उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. तळ्याची जात गेली, पाण्याचा प्रश्न राहिला. वालधुनीवर या वह्यांत एकही ओळ नाही. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या शाहिराने तिच्या काठावर उभं राहून गायला हवं.

संपादकांनी चाली आणि पट्ट्या जशाच्या तशा छापल्या हे फार बरं केलं. ज्यांच्या नाममुद्रेवरून कवी ओळखता आला नाही त्यांच्याखाली ‘कवी अज्ञात’ न लिहिता वही कुणाच्या पार्टीची एवढं दिलं आहे, तेही योग्य. पुढची आवृत्ती निघालीच तर त्यात गायलेल्या आवाजांची मुद्रणंही जोडावीत, कारण ढोलकीशिवाय यातली निम्मी गाणी अपुरी आहेत.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. फाटली असली, वाळवी लागली असली तरी चालेल. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा, शेवटच्या अंतऱ्यातलं नाव वाचून बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चाल म्हणायला सांगून ती रेकॉर्ड करून ठेवा, आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात नाहीतर बुद्धविहारात द्या. ही माणसं हळूहळू जात आहेत, आणि चाली वहीत लिहून राहत नाहीत.